लाल गोल

रात्रीचे पावणेबारा. हे केव्हाच झोपले. मला झोप नाही म्हणून वही काढली.

कारण सांगायला लाज वाटावी इतकं क्षुल्लक आहे. शनिवारच्या पाणीपुरवठ्यावरच्या चर्चासत्राचा फोटो ग्रुपवर आला. मी माइकपाशी, हात वर, मागे बॅनर, त्यावर माझं नाव आणि पुढे 'अध्यक्षा' (यावेळी काना दिला एकदाचा). जरा वेळाने माझ्या जुन्या साहेबांनी तोच फोटो परत टाकला. माझ्या पुढ्यातल्या बाटलीभोवती लाल गोल. शब्द एक नाही. दहा मिनिटांनी पाहते तर मेसेज डिलीट.

तसाच राहू दिला असता तर काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

बोलत काय होते, तर ओडिशातल्या पुरी शहराबद्दल. जुलै २०२१ पासून तिथे नळाचं पाणी थेट पिण्याजोगं, चोवीस तास. रथयात्रेला लाखोंनी माणूस येतं त्या गावात हे जमतं. आपल्याकडे कऱ्हाडशेजारच्या मलकापूरनेही मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. मग आपलं घोडं कुठे अडलंय? टाळ्या बऱ्या पडल्या. आणि टाळ्या चालू असतानाच मी सीलबंद बाटली उघडून दोन घोट घेतले. सगळी हयात पाणीपुरवठ्यात गेलेल्या माणसांचं व्यासपीठ. सात खुर्च्या, सात बाटल्या.

खजिनदारांना फोन केला. म्हणाले, "मॅडम, हॉलच्या पॅकेजमध्येच असतात. नको म्हटलं तरी पैसे तेवढेच."

खरंय. आणि अध्यक्षाने काय काय बघायचं? पाइपवाल्यांपैकी कोणाचा लोगो वर, कोणाचा खाली. नगरपालिकांची वर्गणी, तिची फाइल मार्चपासून लेखा विभागात. वक्त्याचं वेटिंगवरचं तिकीट. नवी मुलं येतात ती जेवणापुरती, त्यातली निम्मी कंत्राटी, त्यांना काय बोलणार. नोकरीत असताना दिवसाला साठ फोन यायचे, आता... जाऊ दे. एवढं सगळं निस्तरून गोल कशाला, तर बाटलीला.

पण हात सहज गेला ना बाटलीकडे. तेच टोचतंय.

याच साहेबांच्या हाताखाली मी नवी होते तेव्हा एका वस्तीत गॅस्ट्रोची साथ आली होती. गटाराला खेटून गेलेली लाइन, तिचा एक जॉइंट गळका. पाणी चालू असतं तोवर आतलं बाहेर जातं, व्हॉल्व बंद झाला की लाइन रिकामी होताना बाहेरचं आत ओढलं जातं. दोन तास पाणी आणि बावीस तास बंद, की हे रोजचं. शुद्धीकरण केंद्रातून कितीही चांगलं पाणी सोडा. जॉइंट बदलला, लाइन धुतली, तरी बाया हंडे घेऊन लांबच उभ्या. साहेबांनी क्लोरोस्कोप काढला, पाण्यातला क्लोरीन तपासायचा छोटा संच. नळीत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनच्या द्रावणाचे) थेंब, हलवलं, पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन आहे. तो सगळ्यांना दाखवला, ती नळी ओतून दिली आणि त्याच नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. मग माझ्याकडे बघितलं. मीही प्यायले. पोटात गोळा आला होता, पण प्यायले. मग एक म्हातारी हंडा घेऊन पुढे आली.

आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, उरलेल्या क्लोरीनचं प्रमाण आहे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. म्हातारीने ते कुठे वाचलं होतं. तिने आमच्याकडे बघून हंडा लावला.

आणि माझ्या स्वयंपाकघरात आरओ आहे. हे लिहायचं टाळत होते. सूनबाईंनी बसवलाय, नातवासाठी, वगैरे. पण पाणी मीही त्याचंच पिते.

मघाशी उठून माळ्यावरचा जुना क्लोरोस्कोप काढला. डब्यात दोन नळ्या, एकीची कड फुटलेली, आणि ओटीची तपकिरी बाटली. किचनच्या नळाचं पाणी घेतलं. रंग नाहीच, आहे आहे म्हटलं तर आहे. ते गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, त्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असणार. मग गाउनवर ओढणी घेऊन पार्किंगमध्ये गेले. पाणी आमच्याकडे रात्रीचंच येतं. मीटरशेजारच्या नळाला थेट लाइन आहे. वॉचमन उठून बसला. "मॅडम, गळतंय का?" म्हटलं, नाही रे, झोप तू. थेंब टाकले. नळी ट्यूबलाइटसमोर धरली.

पिवळं! अगदी फिकट, पण पिवळं.

अध्यक्षा मध्यरात्री गाड्यांच्या मध्ये नळाला ओंजळ लावून उभ्या. याचा फोटो कोणी काढला नाही ते बरंच झालं.

नळीचा मात्र मी काढला आणि साहेबांना पाठवला. शब्द एक नाही. म्हाताऱ्यालाही झोप नसावी, लगेच निळ्या खुणा आल्या. बराच वेळ टायपिंग, टायपिंग. मग उत्तर:

"सोल्युशन कधीचं आहे?"

बाटली फिरवून पाहिली. लेबलवरची तारीख पुसली गेलीय.