कॅमेऱ्यात पाणी पुढून शिरलंच नव्हतं

आमचं घर चिपळुणात, एका बोळाच्या टोकाला. गाडी रोज उलटी आत घ्यावी लागते. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसरीकडे उघडं गटार, आणि शेजारचं तीन वर्षांचं पोर कधी कुठून पळत येईल याचा नेम नाही. त्यामुळे मागचा कॅमेरा माझ्या लेखी चैनीची वस्तू कधीच नव्हती. भारतात २०१९च्या जुलैपासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, माझ्याही गाडीला ते आहेत. पण सेन्सर नुसता वाजतो. मागे गडगा आहे की पोर, ते कॅमेराच सांगतो.

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यातच चित्र धुरकट झालं. सकाळी धुकं दिसायचं, दुपारी ऊन पडलं की निवळायचं. मी रुमालाने काच पुसत राहिले. पुसून फरक पडत नाही म्हणजे बाष्प आत आहे, एवढं तरी तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी मागच्या गाडीच्या दिव्यांभोवती मोठी पांढरी वलयं दिसायला लागली, आणि एका सकाळी पडदा नुसता निळा. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, अख्खा कॅमेरा बदला. बदलला. वर मी स्वतः हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली. काचेच्या कडेने फासलं आणि डिकीचं आतलं कव्हर काढून कनेक्टरवरही थापलं. यंदा जुलैत पुन्हा तेच धुकं.

या वेळी मी बाजारपेठेच्या मागच्या अंगाला बसणाऱ्या वायरिंगवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डिकी वर केली आणि बिजागरीजवळची ती घड्याघड्यांची रबरी नळी बोटांनी ताणली. छतातून डिकीत जाणाऱ्या सगळ्या वायरी त्या नळीतून जातात. घडीच्या आतल्या बाजूला चांगली बोटाच्या पेराएवढी चीर होती. डिकी बंद असली की ती दिसतच नाही.

"ताई, पाणी पुढून नाय आलं. हितून शिरलं, वायरीवरनं घरंगळत खाली गेलं."

मग त्यांनी कनेक्टर सोडवला. पिना हिरव्यागार. पितळेच्या भांड्यात ताक कळकावं, तसा तो हिरवा थर बसला होता. वायरीचं वरचं प्लास्टिक दोन बोटं सोललं तर आतली तांब्याची तार काळी पडलेली. बारीक तारांच्या मधल्या फटींतून पाणी वातीतल्या तेलासारखं चढतं आणि थेट कॅमेऱ्याच्या पोटात पोचतं, हे त्यांनी मला तिथेच दाखवलं. माझं सिलिकॉन त्यांनी नखाने खरवडलं आणि विचारलं, लावताना आंबूस वास येत होता का? येत होता, व्हिनेगरसारखा. त्या जातीचं सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. वायरीजवळ वापरायचंच असेल तर बिनवासाचं, न्यूट्रल घ्यायचं. म्हणजे रक्षण म्हणून मी जे थापलं होतं, त्याने गंजाला मदतच केली होती. मला फार वाईट वाटलं, कारण ते मी अगदी मन लावून केलं होतं.

कॅमेऱ्याची बॉडी चिकटवून बंद केलेली होती, ती उघडण्यात अर्थ नव्हता. कॅमेरा नवाच घ्यावा लागला. पण या वेळी तो बसवण्याआधी अर्धा दिवस मागच्या बाजूवर गेला. रबरी नळी नवी घातली. काळी पडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, नवा तुकडा सोल्डर केला आणि वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवली. नव्या कनेक्टरच्या तोंडाशी डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे पाणी अडवणारं, वीज न वाहणारं ग्रीस भरलं. वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळली. ही टेप ताणून, निम्मी निम्मी एकमेकींवर चढवत गुंडाळायची, नाहीतर ती धरत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: कनेक्टरच्या अलीकडे वायरीला खाली झोळ ठेवला. चुकून पाणी आलंच तर ते झोळाच्या तळाशी पागोळीसारखं गळून जातं, कनेक्टरकडे चढत नाही. याला पैसे लागत नाहीत.

कव्हर बसवण्याआधी मी बागेच्या नळीने वीस मिनिटं डिकीवर पाणी सोडलं. काका आत टॉर्च धरून बसले होते. वायर कोरडी.

आता धुण्याबद्दल. कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं, आणि आपण धरून चालतो की त्याला कुठलंच पाणी बाधत नाही. त्या आकड्याचा अर्थ एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरगनचा जवळून येणारा झोत ही वेगळीच परीक्षा आहे, तिला आयपी ६९के म्हणतात. त्यात उन्हात तापलेल्या गाडीवर गार पाणी मारलं की कॅमेऱ्यातली हवा आकसते आणि थकलेल्या रबरातून पाणी आत ओढून घेते. म्हणून मी गाडी आधी सावलीत पंधरा मिनिटं उभी करते आणि गाडी धुणाऱ्या मुलाला सांगते, "दादा, नंबर प्लेटच्या वर गन नको, तिथे मगाने पाणी घाल." आरशाखाली कॅमेरे असतील तर तिथेही हेच. काचेवर पॉलिश लावू देत नाही, त्याचा थर चित्र धूसर करतो. बटाटा चोळा, शाम्पू लावा असे सल्ले मिळाले, पण ते बाहेरच्या थेंबांपुरते.

ऑगस्टमध्ये चार दिवस संततधार होती. रात्री बोळात गाडी मागे घेताना पडद्यावर गडग्याच्या जांभ्यातली भोकंसुद्धा मोजता येत होती. बाजूच्या चारही दारांच्या बिजागरीशी अशाच रबरी नळ्या आहेत. त्या मी येत्या मे महिन्यात, पहिल्या सरीच्या आधी, काकांकडून बघून घेणार आहे.