‘गरज पडल्यास’

मोठीआईच्या स्तनाचा कर्करोग मणक्यात उतरला होता. नागपूरला दाखवलं, जबर दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या तिथेच मिळाल्या. अडलं ते यवतमाळ जिल्ह्यातल्या, ती राहते त्या वृद्धाश्रमात.

चिठ्ठीवर होतं ‘गरज पडल्यास’. गरज ठरवायची कोणी? व्यवस्थापकांनी गोळ्या कपाटात ठेवल्या. “अफूचं औषध आहे भाऊ, उद्या पोलीस आले तर?” आणि किल्ली खिशात घालून ते दारव्ह्याला लग्नाला गेले. रात्री दीडला तिथल्या रात्रपाळीच्या मावशींचा फोन: “बाई लय कण्हून राहिली, पण मले किल्लीच देली नाही ना.” आश्रमाचे डॉक्टर येणार मंगळवारी. वार होता शुक्रवार.

पहाटेच्या एसटीने पोहोचलो. मोठीआई कुशीवर मुटकुळं करून पडलेली. विचारलं तर म्हणे, “हाय थोडंसं.” जन्मभर वाकून कापूस वेचला तेव्हा कधी दुखते म्हणाली नाही, आता काय म्हणणार! अशा माणसाला विचारू नका. कूस बदलताना श्वास धरते का, ते पाहा.

किल्ली साडेनऊला आली. तोवर कपाट फोडायचंच काय ते बाकी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर रोग्याचं औषध जवळ ठेवता येतं, २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला तोही अशा दुखण्यांसाठी औषध सहज मिळावं म्हणूनच, हे मी साहेबांना तीनदा सांगितलं. त्यांना कागद पाहिजे होता.

नागपूरला फोन केला. डॉक्टर म्हणाले, साध्या गोळीचा असर चारेक तास राहतो, ठणका चढल्यावर देण्यात अर्थ नाही. चुलतभावाने नवी चिठ्ठी आणली: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १० ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मधेच कळ आली तर जादा गोळी, आणि ती रात्रपाळीच्या मावशींनी द्यावी. हे शेवटचं वाक्य डॉक्टरांकडून हट्टाने लिहून घ्या. बाकीचं तुमच्या रोग्यापुरतं तुमचे डॉक्टर ठरवतील.

हो, पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषधही सुरू ठेवा. आम्ही विसरलो, पाचव्या दिवशी निराळंच दुखणं.

गोळ्यांच्या हिशेबाला मी वीस रुपयांची वही आणून दिली: वेळ, गोळी, सही. आता व्यवस्थापक ती वही पाहुण्यांना दाखवतात, “आमची पद्धत” म्हणून.