दिवाळीची सफाई, अ‍ॅसिड आणि माझं बारावी सायन्स

मागच्या दिवाळीआधी बाथरूम घासायला काढलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काही केल्या निघेनात, म्हणून दारावर विकायला येतो त्याच्याकडचं अ‍ॅसिड ओतलं, थोडा वेळ थांबले, डाग तस्सेच, मग म्हटलं वरून ब्लीचपण टाकू, दोन्ही स्ट्राँग म्हणजे डबल साफ. आणि मी बारावी सायन्स आहे बरं का!

फसफसलं आणि एकदम स्विमिंग पूलसारखा वास आला, पण असा उग्र की घसा आवळलाच, डोळ्यांतून पाणी, ब्रश तिथेच टाकून बाहेर पळाले. आई ओरडतेय "अगं झालं काय", मला बोलताच येईना. खिडक्या उघडल्या, एक्झॉस्ट लावला आणि तासभर कोणालाच आत जाऊ दिलं नाही. खोकला रात्रीपर्यंत.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. ते अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू. 1915 साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तोच. हवेपेक्षा जड असतो, खालीच साचतो, आणि आपण उकिडवं बसून घासत असतो म्हणजे नाक बरोब्बर तिथेच. टॉयलेट क्लीनरमध्येही बहुतेक वेळा हेच अ‍ॅसिड असतं, त्यामुळे "मी कुठे अ‍ॅसिड वापरते" असं म्हणू नका, मागचं लेबल वाचा. अमोनियावाला काच पुसायचा स्प्रे पण ब्लीचच्या जवळ नको.

पण मला खरी भीती नंतर वाटली. ते अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत होतं. साधी एक लिटरची, निळ्या झाकणाची, लेबल काढलेली. दोन दिवसांनी भाचा आला, खेळून घामाघूम, बेसिनखालची बाटली उचलली आणि झाकण फिरवायला लागला. आईने हिसकावून घेतली म्हणून. आमच्याकडे असं काही पोटात गेलं की लगेच मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची पद्धत, पण अ‍ॅसिड, रॉकेल, थिनर असलं काही असेल तर उलटी अजिबात काढायची नाही, अ‍ॅसिड वर येताना पुन्हा भाजतं आणि रॉकेल फुप्फुसात जाऊ शकतं. बाटली सोबत घ्यायची आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मग माळा काढला तर काय काय निघालं! जुने सीएफएल, ढेकणाचं औषध, गंजलेल्या डब्यात ऑइलपेंट, एक्सपायरी झालेल्या गोळ्या, सुया, पाऱ्याचा थर्मामीटर. हे ओल्यातही नाही आणि सुक्यातही नाही, घनकचरा नियमांत असला घरातला घातक कचरा वेगळाच द्यायला सांगितलाय. आम्ही आजवर सगळं सुक्यात कोंबत होतो. कचरा न्यायला येतात त्या ताईंना विचारलं तर त्यांनी नुसता तळहात पुढे केला, ट्यूबलाइटच्या काचेने कापल्याची खूण होती. सीएफएल फुटला तर झाडूही मारायचा नाही, आत थोडा पारा असतो, आधी खोलीबाहेर जायचं, मग जाड कागदाने तुकडे गोळा करून बरणीत.

आता सगळं एका खोक्यात भरून वर लाल मार्करने लिहून दिलं. उरलेलं अ‍ॅसिड नुसतंच, दुसरं काही न मिसळता, संडासासाठीच संपवलं. थर्मामीटर मात्र आई द्यायला तयार नाही, "चांगला चालतोय की", म्हणून तो कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवलाय.