अलार्म वाजला की बंद झाला?

रात्री दोन वाजता घरातला धुराचा अलार्म कोकलायला लागला. धूर कुठेच नव्हता, पण आवाज थांबेना. मी इमारतीच्या केअरटेकरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हॅज युअर अलार्म गॉन ऑफ?’ मी ओरडलो, ‘नो, नो! इट इज स्टिल रिंगिंग!’

पलीकडे क्षणभर शांतता. मला वाटलं, बंद झाला का असं विचारताहेत. ते विचारत होते, वाजला का. मग ते स्वतःच वर आले, स्टुलावर चढून अलार्म उतरवला, आतली धूळ फुंकली आणि परत बसवून दिला. माझं काही चुकलं होतं हे त्यांनी एका शब्दानेही जाणवू दिलं नाही. त्या माणसाचा चांगुलपणा मी विसरणार नाही.

झोप मात्र उडाली ती उडालीच. ‘ऑन’च्या विरुद्ध ‘ऑफ’, हे आपण शाळेत घोकलेलं. इथे दिवा ‘गोज ऑफ’ म्हणजे विझतो आणि अलार्म ‘गोज ऑफ’ म्हणजे बोंबलायला लागतो. दोन्ही एकाच छतावर, एकमेकांपासून हातभर अंतरावर! फॉर्म ‘फिल इन’ करा नाहीतर ‘फिल आउट’ करा, अर्थ एकच. ते मी कधीच सोडून दिलं. पण जिवावर बेतू शकतं अशा वेळी बोलायचं वाक्य तरी असं दुतोंडी नको. आपण ‘वाजला’ म्हणतो किंवा ‘बंद झाला’ म्हणतो. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसालाही ते कळतं.

आणि ही नवख्याची कुरकुर नाही. ‘इन्फ्लेमेबल’ घ्या. ‘इन’ दिसला की नकार, हे शिकलेला कोणीही डब्यावरचा तो शब्द वाचून ‘हे पेटत नाही’ असंच समजेल. प्रत्यक्षात अर्थ ज्वलनशील. हा ‘इन’ नकाराचा नाहीच, पेटवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो जसाच्या तसा आलेला आहे. या गोंधळाच्या धास्तीनेच अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकापासून ‘फ्लेमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. म्हणजे ज्यांची ती मायबोली, त्यांनाही हा धोका दिसत होता.

मराठीत असं नाही, असं मात्र मला म्हणवत नाही. ‘जड’ आणि ‘अवजड’ हे विरुद्धार्थी नाहीत. ‘अमूल्य’ म्हणजे कवडीमोल नव्हे. पाठीमागे या अर्थी ‘परोक्ष’ असताना आपण सर्रास ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतो, आणि म्हणायचं असतं तेच. तरीही या शब्दांपायी कुणाच्या घराला आग लागणार नाही. माझा मुद्दा तेवढाच होता आणि तो मी सोडणार नव्हतो.

परवा लेक मराठी गोष्ट मोठ्याने वाचत होती. ‘इतक्यात जोराचा वारा सुटला.’ वाचून म्हणाली, ‘बरं झालं, थांबला एकदाचा.’

‘अगं, सुटला म्हणजे सुरू झाला.’

‘मग शाळा सुटते तेव्हा?’

मी समजावायला बसलो. अडवलेलं, बांधलेलं मोकळं होतं ते सुटणं. मुलं वर्गातून मोकळी होतात, वारा मोकळा होतो, बंदुकीतून गोळी सुटते... आणि तिथेच अडखळलो. इंग्रजीत बंदूकही ‘गोज ऑफ’च होते. ‘ऑफ’चा जुना अर्थ दूर, वेगळं. दिवा त्यात दूर जातो आणि अलार्म गोळीसारखा सुटतो. दोन वर्षं इथे राहून हे मला दिसलं नव्हतं; दिसलं ते मराठीतून.

‘बाबा, मग गाडी सुटली म्हणजे निघाली ना?’

‘हो. आणि आपण फलाटावरच असलो, तर चुकली.’