शेपटीवाल्या मोलकरणीत एवढं काय आहे?

ऑफिसात विचारतात, भाऊ विचारतो, दिवाळीला जमलेल्या आत्या-मावश्या तर दर वर्षी न चुकता विचारतात: "अगं, चाळिशी उलटली तुझी, अजून कार्टूनं बघतेस? आणि तीही त्या ड्रॅगन मोलकरणीची?" आजवर "टाइमपास गं" म्हणून वेळ मारून नेली. पण आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून एकदा नीट सांगूनच टाकते.

मालिकेचं नाव 'कोबायाशी-सान ची नो मेइडोरागॉन'. जपानीत मेड म्हणजे 'मेइडो' आणि ड्रॅगन म्हणजे 'डोरागॉन'. मधला 'डो' दोघांनी वाटून घेतलाय. 'कोबायाशींकडची ड्रॅगनबाई' म्हणा हवं तर. कूल-क्योशिन्जा हे टोपणनाव घेतलेल्या चित्रकाराची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१३ पासून येतेय, आणि तिच्यावरची ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका, क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओनं २०१७ साली काढली.

कोबायाशी ही बाई प्रोग्रामर. एकटी राहते, जाडा चष्मा, चेहऱ्यावर कायमचा कंटाळा, आणि कंबर धरलेली. (इथे ऑफिसातल्यांनी माझ्याकडे बघू नये.) एका रात्री ती पिऊन तर्र होते आणि भलत्याच डोंगरावर जाऊन पोचते. तिथे पाठीत तलवार रुतलेली ड्रॅगन पडलेली. कोबायाशी तलवार उपसते, मग तिच्याशीच गप्पा ठोकते, मेड या विषयावर लांबलचक प्रवचन देते आणि जायला जागा नसेल तर माझ्याकडे ये, असं सांगून मोकळी होते. सकाळी यातलं काही आठवत नाही. कामाला निघायला दार उघडते तर दारात घराएवढं डोकं. ते डोकं बघता बघता मेडच्या कपड्यांतली मुलगी होतं. शिंगं आणि शेपूट मात्र तशीच. हीच तोहरू.

मला ही मालिका आवडायला लागली ती याच्या पुढच्या मिनिटाला. कोबायाशी तिला सरळ नाही म्हणते. बिचारी तोहरू तोंड पाडून निघते. तेवढ्यात कोबायाशीचं घड्याळाकडे लक्ष जातं, ऑफिसला उशीर झालेला. मग तिचा पुढचा प्रश्न काय, तर तुझ्या पाठीवर बसून गेलं तर किती वेळ लागेल? झालं, नोकरी पक्की. जग जाळून टाकू शकणारा प्राणी घरात घ्यायचा की नाही, हे पंचिंगच्या वेळेवर ठरलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एकटीच सोफ्यावर लोळून हसले होते, कारण त्या आठवड्यात मीही दोनदा उशिरा पोचले होते आणि मला कुणी ड्रॅगन भेटली नव्हती.

पुढचा सगळा वेडेपणा कामातूनच येतो. तोहरू कपडे तोंडात घालून धुते, तिच्या लाळेनं मळ विरघळतो म्हणे. जेवणात स्वतःच्या शेपटीचं मांस करून वाढते, शेपूट काय परत उगवतेच. कोबायाशी दर वेळी नको म्हणते, आणि तोहरू नव्या पाककृतीसह ताटली पुन्हा पुढे सरकवते. यात थट्टा तोहरूची नाही हे बघा. ती मन लावून काम करते, फक्त माणसांना काय चालतं ते तिला ठाऊक नसतं.

आता तुम्ही म्हणाल, मोलकरीण ही काय हसायची गोष्ट आहे? मलाही आधी खटकलं होतं. पण जपानी 'मेइडो' आणि आपल्याकडची कामवाली यांचा संबंध जवळपास नाही. तिकडे एकेकाळी मध्यमवर्गीय घरांत 'जोचू' असायच्या. युद्धानंतर ती पद्धत विरत गेली, आणि तो शब्दही लोकांना कमीपणाचा वाटायला लागला, म्हणून 'ओतेत्सुदाई-सान', म्हणजे मदत करणाऱ्या बाई, असं म्हणू लागले. आपल्याकडेही आजीच्या तोंडी मोलकरीण होती, आईच्या तोंडी कामवाली आली, आणि आमच्या सोसायटीत आता सगळ्या मावशी आहेत. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदासुद्धा झाला. आमच्या मजल्यावर आठवड्याची सुट्टी मात्र अजून मागूनच घ्यावी लागते.

तर 'मेइडो' ही यातली कुणीच नाही. ती व्हिक्टोरियन इंग्लंडच्या झालरीच्या ॲप्रनमधून आलेली निव्वळ कल्पना आहे. तोक्योच्या आकिहाबारात २००१ पासून मेड कॅफे आहेत. तिथे आत पाऊल टाकलं की ॲप्रनवाल्या मुली म्हणतात, "ओकाएरिनासाइमासे, गोशुजिन्सामा", आलात का मालक घरी! मग ऑम्लेट-भातावर केचपनं चित्र काढून देतात. जपानी माणूस घरी आला की "तादाइमा" म्हणतो, आतून "ओकाएरी" येतं. आपलं "आलीस का गं?" असतं ना, तेच. लोक कॅफेत पैसे मोजतात ते त्या एका शब्दाचे, असं माझं मत आहे. कोबायाशी याच मेडप्रकाराची कट्टर भक्त. पोटात दारू गेली की तोहरूच्या कपड्यांवर तुटून पडते, ही मेड नव्हे, हा नुसता कॉस्प्ले, वेशभूषेचा खेळ! आणि अशा बाईला खरोखरची सेवा मिळायला लागते तेव्हा ती अवघडते. आपली भांडी दुसऱ्यानं घासावीत याची तिला सवयच नसते.

सगळंच गोड नाही. लुकोआ नावाची ड्रॅगन आणि एक शाळकरी मुलगा यांचे विनोद मला सहन होत नाहीत, ते आले की मी व्हिडिओ पुढे पळवते. भाचरांना लावून देण्याजोगी मालिका ही नव्हे, हे त्यांच्या आयांनी लक्षात ठेवावं.

पण कान्ना ही छोटी ड्रॅगन घरात येते आणि तिच्या शाळेचा क्रीडादिन येतो, तो भाग बघाच. कोबायाशीला सुट्टी मिळेना, मग ती आधीचे दिवस उशिरापर्यंत थांबून काम उपसते आणि मैदानावर हजर होते. पहिल्या मोसमाच्या शेवटी तोहरूचा बाप तिला न्यायला येतो. ती गेल्यावर घर विस्कटतं. तेव्हा कळतं, घर कुणी धरून ठेवलं होतं.

ही घरकामाची नजर त्या स्टुडिओत कुठून आली असेल याचा मी अंदाज बांधते. क्योतो ॲनिमेशन १९८१ साली सुरू झालं ते योको हात्ता नावाच्या बाईंनी शेजारपाजारच्या गृहिणी जमवून, चित्रं रंगवायच्या कामापासून. धुणं वाळत घालणं, कांदा चिरणं त्यांच्या मालिकांत इतकं जीव ओतून काढलेलं असतं, ते उगाच नसावं. १८ जुलै २०१९ ला कुणीतरी त्या स्टुडिओला आग लावली. ३६ माणसं गेली. पहिल्या मोसमाचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो त्यांच्यात होते. दुसरा मोसम २०२१ साली तात्सुया इशिहारांनी दिग्दर्शित केला, आणि श्रेयनामावलीत ताकेमोतोंचं नाव मालिका दिग्दर्शक म्हणून ठेवलं. ते नाव पडद्यावर येतं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवते.

एका रविवारी आमच्या मावशी केर काढता काढता टीव्हीसमोर थांबल्या.

"ही शेपटीवाली कोण?"

"त्या चष्मेवालीकडे कामाला आहे."

"पगार किती घेती?"

"काही नाही घेत. राहते तिथेच."

"मग येडी हाय." दोन मिनिटं त्या झाडू टेकून उभ्या राहिल्या. पडद्यावर तोहरूनं धुणं तोंडात कोंबलं होतं. मला वाटलं, आता नाक मुरडतील.

"पिळती बरी," मावशी म्हणाल्या, आणि पाय वर घ्या म्हणून मला खूण केली.