नायिकेच्या घरात खलनायक नको

स्वातंत्र्य हवंय पण घर सुटत नाही, अशी नायिका लिहायला घेतली की पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात हमखास एक दुष्ट माणूस घुसतो. हात उगारणारा नवरा, नाहीतर टोमणे मारणारी सासू. तो आला की तिची ओढाताणच संपते. असल्या घरातून कुणीही निघेल. प्रेक्षकाने पंधराव्या मिनिटाला मनातल्या मनात तिची बॅग भरलेली असते.

‘उंबरठा’ (१९८२) या दृष्टीने पुन्हा बघा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली ही पटकथा. सुलभा महाजनचं सासर सुशिक्षित, सुखवस्तू. नवरा वकील, सासू स्वतः समाजकार्यात. म्हणजे बाईने बाहेरचं काम करण्याला तत्त्व म्हणून कुणाचाच विरोध नाही. अडतं ते इतकंच, की सुलभाला परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून राहायचंय आणि लहान मुलगी घरी ठेवायचीय. घरात राहून केलेली समाजसेवा चालते, घर सोडून केलेली नोकरी चालत नाही. संघर्ष एवढ्या बारीक फटीत बसवलाय म्हणून तो खरा वाटतो. आणि किंमतही नेमकी आहे: ती परतते तेव्हा मुलीला जावेचा लळा लागलेला असतो. यात जावेचा दोष काय? काहीच नाही.

यातून कामाची एक कसोटी निघते. नवरा किंवा सासू पूर्ण बरोबर ठरेल असा एक तरी प्रसंग लिहा. तो लिहिल्यावर नायिकेचा निर्णय डळमळला, तर कथेत जीव आहे. लिहिताच येत नसेल, तर परंपरेची बाजू तुम्ही अजून ऐकलेलीच नाही.

परंपरेने तिला काहीतरी दिलेलंही दिसायला हवं. समजा, घरच्या गौरी तीच उभ्या करते; मुखवटे बसवणं, साडी नेसवणं दुसऱ्या कुणाला तिच्यासारखं जमत नाही आणि तिला ते मनापासून आवडतं. आता भाद्रपदात परगावी रुजू व्हायचं पत्र येऊ द्या. ‘मला माझं आयुष्य जगायचंय’ हे वाक्य मग लागतच नाही. (आधीच लिहिलं असेल तर खोडा.) साडीतून जीन्समध्ये आणून बंड दाखवणं हीदेखील तशीच पळवाट.

पानांचा ढोबळ हिशेब असा: एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. १२० पानांच्या पटकथेत तिसाव्या पानाच्या आत तिने स्वतः तोंडाने काहीतरी मागितलेलं असावं. मध्यंतरापर्यंत ते तिला मिळावं आणि त्याची किंमत दिसू लागावी. बहुतेक पटकथा फसतात त्या मध्यंतरानंतर, साधारण नव्वदाव्या पानावर. तिथे सासऱ्याला झटका येतो, मुलाला अपघात होतो आणि ती धावत घरी येते. आता निर्णय तिचा उरला नाही, तो दवाखान्याने घेतला. आजारपण हवंच असेल तर ते पहिल्या तीस पानांत टाका. तिथे ते परिस्थिती म्हणून चालतं.

पार्श्वसंगीताबद्दल एवढंच, की ‘कुंकू’त (१९३७) शांतारामबापूंनी ते ठेवलंच नाही, प्रसंगातले स्वाभाविक आवाज तेवढे वापरले. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेलं लग्न नाकारणारी, तरी त्याच घरात राहून झगडणारी नीरा शांता आपटेंनी व्हायोलिनच्या आधाराशिवाय उभी केली. तुमचा प्रसंगही आधी नुसत्या भांड्यांच्या आवाजावर वाचून बघा.

शेवटच्या दोन पानांत ‘तू बरोबर केलंस’ असं तिला सांगणारी मैत्रीण किंवा आजी सापडली, तर तिचे संवाद काढून टाका आणि प्रसंग पुन्हा वाचा. नायिका तरीही दाराबाहेर पडते का, ते बघा. पडत नसेल, तर दुरुस्ती शेवटात करू नका, मध्यंतराकडे परत जा.