कळलावी आणि जुनी चित्रं

जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये छापील चित्र कापून चिकटवलेलं आमच्या सरांना चालत नसे. "आधी काढ, मग कळेल," म्हणत ते पेन्सिलीला टोक करायला लावत. श्रावण-भाद्रपदात साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या बाजूने कुणीतरी कळलावीचा वेल आणायचं. विषारी म्हणून हात धुवायची सक्त ताकीद असे. काढायला बसलं की एकेक गोष्ट दिसू लागे. पानाचं टोक निमुळतं होत जातं आणि त्याचाच तणावा होऊन शेजारच्या काडीला वेटोळं घालतं. पाकळ्या उलट्या वळतात, आधी हिरवट-पिवळ्या, मग लालभडक. कुक्षीवृंत, म्हणजे अंडाशयावरची दांडी, बुडाशीच काटकोनात वळलेला असतो.

जुन्या निसर्गचित्रांचं वेड मला लागलं ते इथूनच. फोटोत एक फूल एका क्षणापुरतं सापडतं. या चित्रांत मात्र कळी, उमललेलं फूल, शेंग, बी, सगळं एकाच पानावर, आणि खाली कोपऱ्यात चिरून दाखवलेला अंडाशय. तसा वेल डोंगरावर एका दिवशी कुणालाच दिसणार नाही. चित्रकाराने कितीतरी वेल पाहून तो उभा केलेला असतो. मला हे फोटोपेक्षा जास्त खरं वाटतं.

'हॉर्टस मलबारिकस'ची पानं पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगावर काटा आला. केरळातल्या वनस्पतींचा हा ग्रंथ डच अधिकारी व्हान र्‍हीडने करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. त्यातल्या चित्रांवर लॅटिन, मल्याळम आणि अरबीसोबत देवनागरीतही झाडांची नावं कोरलेली आहेत. ती कोकणी नावं आहेत. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य, तसेच इट्टी अच्युदन या मल्याळी वैद्याचं ज्ञान त्यामागे आहे.

चित्रकारांच्या वाट्याला मात्र नाव क्वचितच आलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी शेकडो पानं रंगवणारे कित्येक हात अनामच राहिले. म्हणून मला रॉबर्ट वाइट या कंपनीच्याच डॉक्टरबद्दल आदर वाटतो. त्याच्या रंगय्या आणि गोविंदू या दोन दक्षिणी चित्रकारांची नावं टिकली आहेत, आणि ऑर्किडच्या एका प्रजातीला (जीनसला) त्याने गोविंदूचं नाव दिलं. वाइटच्या 'आयकोन्स' या भारतीय वनस्पतींच्या चित्रग्रंथात दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत. बहुतेक बिनरंगाची, पण पानाची शीर न् शीर दिसते.

ही पानं आता 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यातल्या काहींच्या मोठ्या प्रती काढून, फ्रेम करून यंदा आपल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेला देतो आहे. एवढीच विनंती, की ग्रंथकर्त्याच्या नावाशेजारी, जिथे माहीत आहे तिथे, चित्रकाराचंही नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावावं. आणि शेजारची भिंत मोकळी ठेवावी. कासच्या पठारावरची सीतेची आसवं, सोनकी, वायतुरा आपल्या मुलांनी स्वतः पाहून काढली, की ती तिथे लागतील.